अंगठ्याएवढी उघडी जागा

आमच्या गावात तालमीपुढं एक गोटा आहे. आकारानं लाल भोपळ्याएवढा, पण दोन माणसांना ढकलताना घाम फुटेल एवढा जड. दरसाल हनुमान जयंतीला पोरं तो उचलायला जमतात. हात घालायच्या आधी प्रत्येक जण गोट्याच्या एका अंगाला, जिथं शेंदूर लावलेला नाही तिथं, अंगठा टेकतो आणि मग तो कपाळाला लावतो. परवा एका पोराला मी विचारलं, "हे कशापायी रं?"

"देवाचा डोळा हाय न्हवं आबा त्यो," तो म्हणाला.

ती जागा मी उघडी ठेवायला लावली आहे. का ठेवायला लावली ते लिहून ठेवतो, नाहीतर अजून दहा वर्षांनी तिथं चांदीचा डोळा बसवतील. माझी शाळा चौथीत संपली. लिहिण्यात चूक झाली तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावी, हकिगत मात्र सुधारू नये.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं, कृष्णेच्या अंगाला. कुंडलला कुस्तीचं मोठं मैदान भरतं, त्यामुळं आसपासच्या प्रत्येक गावाला आपण पैलवानांचं गाव आहोत असं वाटतं. आमच्या गावाला जरा जास्तच वाटायचं, कारण हा गोटा. गोट्याचा नियम असा की जमिनीवरून उचलायचा आणि खांद्यावर घ्यायचा. मधे गुडघ्यावर टेकवला तरी चालतो, पोटाला लावला तरी चालतो, पण मागून कुणाचा हात लागता कामा नये. जो उचलेल त्याला तालमीचा फेटा. दुसरा कुणी उचलेपर्यंत दरसालचा फेटाही त्याचाच. कराड-मलकापूरकडचे पैलवान येऊन, गोट्याकडं बघून हसून, मग कंबर धरून परत गेलेले मी लहानपणी बघितलेत. गोटा शेवटचा उचलला होता तो गावातल्या एका बागायतदारानं. तो वारला, पण फेटा त्याच्याच घरी जात राहिला. त्याचा मुलगा पलटणीत हवालदार होता. तो दर रजेत गोट्याशी झटायचा आणि गोटा त्याच्या गुडघ्यापर्यंत यायचा.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. आमच्यातली पोरं पूर्वी तालमीच्या दाराबाहेर उभी राहून कुस्ती बघायची. छप्पन सालानंतर आम्ही धम्म घेतला, घरातले देव ओढ्यात सोडले, आणि तालमीकडं जायचंही सोडलं. लोक म्हणतात आम्हाला आत घेत नव्हते. घेत नव्हते हे खरं. पण आम्हीच गेलो नाही, हेही खरं, आणि मला दुसरं सांगायला जास्त आवडतं. गोट्यावर बोटभर जाडीचा शेंदूर. शेंदराला हात लावायचा नाही म्हटलं की गोट्याला हात लावायचा प्रश्नच उरला नाही.

मी त्या वेळी सांगलीत हळदीच्या पेठेत हमाली करायचो. आठवडाभर पेठेत राहायचं आणि सुट्टीला पॅसेंजरनं गावी यायचं. पोतं पाठीवर कसं घ्यायचं यात माझ्या तोडीचा त्या पेठेत कुणी नव्हता. हे मी आता म्हातारपणी म्हणत नाही, तेव्हाही म्हणायचो.

कोयनेचा भूकंप झाला तो हिवाळा. पहाटेच्या अंधारात जमीन हलली आणि आमच्याकडं भिंती तडकल्या, उतरंडी कोसळल्या. उजाडल्यावर लोकांनी बघितलं तर गोटा ओट्यावरून खाली गडगडला होता आणि त्याच्यावरचा शेंदूर कवचासारखा फुटून बाजूला पडला होता. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल चढलेलं, नारळाच्या करवंटीसारखे त्याचे तुकडे झाले होते. आत निघाला काळा गोटा, जागोजागी गंजलेला. तालमीचा म्हातारा वस्ताद होता, तो तिथंच खाली बसला. देवानं कवच टाकलं म्हणाला. त्यानं एक-एक तुकडा वेचून धोतराच्या फडक्यात बांधला आणि तालमीतल्या कोनाड्यात ठेवला. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी नवा शेंदूर चढवायचा आणि जुनं कवच नदीत सोडायचं असं ठरलं.

"तवर ह्यो देव न्हाई," वस्ताद म्हणाला. "दगडच हाय तवर."

हे वाक्य सगळ्या गावानं ऐकलं होतं. पुढं उपयोगी पडलं.

संक्रांतीनंतर सांगलीच्या कॉलेजातला दगडधोंड्यांचा एक प्रोफेसर जीप घेऊन भूकंपाच्या भेगा बघत फिरत होता. तालमीपुढं थांबला. खिशातलं लोहचुंबक काढून त्यानं गोट्याला लावलं, ते चिकटलं. मग जोडा काढून तो गोट्याजवळ मांडी घालून बसला, आणि मला वाटतं त्या जोड्यामुळंच वस्ताद फसला. प्रोफेसरानं गोटा तपासायला सांगलीला मागितला आणि वस्तादानं शिमग्याच्या आत परत आणायच्या बोलीवर दिला. मी गावी आलो तेव्हा ओटा रिकामा. वस्तीत कुणी म्हणे आत सोनं आहे, कुणी म्हणे बाँब करायला नेला. मी म्हटलं, नेलेली वस्तू कॉलेजातून परत आलेली मी तरी बघितली नाही. गेला गोटा.

पण गोटा आला. सुट्टीच्या दिवशीच आला. मी स्टेशनावरून चालत येत होतो, तालमीपुढं जीप उभी, भोवती माणसं. गोटा फळीवरून खाली सोडताना घसरला होता आणि मातीत रुतून बसला होता. चार जण त्याला दोर घालावा की पहार लावावी यावर भांडत होते. त्यात आणखी माणसं बोलवायची भाषा चाललेली. मला ते बघवेना. ज्याला ओझं उचलता येतं त्याला दुसऱ्यानं वाईट उचललेलं बघवत नाही.

"वस्ताद," मी म्हटलं, "आज ह्यो देव हाय का दगड?"

वस्तादानं माझ्याकडं बघितलं. "दगड हाय," म्हणाला.

"मग व्हा बाजूला."

मी खाली बसलो, बोटं मातीत घालून गोट्याच्या पोटाखाली घेतली, गुडघ्यावर आणला, पोटाला लावला, श्वास घेतला आणि खांद्यावर टाकला. तसाच चालत नेऊन ओट्यावर ठेवला. ठेवताना माझा अंगठा एका ठिकाणी गुळगुळीत लागला. बघितलं तर प्रोफेसरानं एका अंगाचा नारळाच्या भकलाएवढा तुकडा काढून घेतला होता. कापलेली बाजू पोलादासारखी, आणि तिच्या कडेला, तुटलेल्या भागात, चांदीसारखा चकाकणारा एक कण. अर्ध्या चिंचोक्याएवढा. बाकीच्या लोखंडाहून तो वेगळाच लागत होता, काचेसारखा.

मागं वळून बघितलं. वस्तीतलं कुणी तिथं नव्हतं, नाहीतर शिट्टी तरी पडली असती.

एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही. गोटा मला हलका वाटला. म्हणजे जड होता, पण ज्या गोट्याला सगळा मुलूख घाबरतो तो असा यावा का? रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "काय लागलं का कमरंला?" काही लागलं नव्हतं. तेच मला खात होतं.

पुढच्या सुट्टीला हवालदार रजेवर आला होता. स्टँडजवळच्या हॉटेलात बाकावर बसलेला. तिथं आमच्या कपांची खुंटी वेगळी होती, म्हणून तिथला चहा मी केव्हाच सोडला होता. बिडी घ्यायला थांबलो.

"काय गड्या," हवालदार म्हणाला, "गोटा उचललास म्हणं."

"उचलला."

"कंचा?"

"गावात एकच हाय."

"हुता एकच. आता सांगलीत एक आन् हितं एक." बाकावरचे हसले. हवालदार हसला नाही. "माझ्या बापानं उचलला तवा माझी आई म्हैनाभर त्येची पाठ शेकत हुती. आन् तू उचललास, दुसऱ्या दिशी हळदीची पोती व्हायला गेलास. त्यो आन् ह्यो एकच म्हंतोस?"

"माझी पाठ तुमच्या बापाची न्हाई."

"पाठीचं ऱ्हाऊ दे. सबूत काय? अस्सल माल कालिजात ठिवला आन् त्येच्यावानी वतून दुसरा धाडला. आन् तू तर त्येंच्याच गावात हमाली करतोस. सांगून-सवरून असंल, कुणाला म्हाईत."

मी बिडी पेटवली आणि निघालो. त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. सांगून-सवरूनचं नव्हे, बाकीचं. कॉलेजातल्या माणसाला गोटा ओतून घ्यायला किती वेळ लागणार? सांगलीत लोखंडाच्या ओतकामाच्या भट्ट्या मी रोज बघत होतो. फेटा मिळो ना मिळो, फेट्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. पण मी खांद्यावर घेतलं ते काय होतं? तो गोटा होता का कुणाच्या भट्टीतला गोळा? हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. पेठेत पोतं घ्यायला वाकलो तरी तेच डोक्यात. आणि वेळ थोडा होता. जयंतीच्या आदल्या दिवशी शेंदूर चढला की मी परत हात लावणार नव्हतो. मग जन्मभर हवालदाराचं तोंड चालू राहिलं असतं आणि माझं बंद.

आदल्या दिवशी सकाळी पेठेतून सुट्टी घेऊन मी कॉलेजात गेलो. अंगावर हळदीची पूड तशीच. शिपायानं मला लग्नाचा नवरा समजून दोनदा बघितलं. प्रोफेसरानं मात्र ओळखलं.

"गोटा उचललात ते तुम्हीच ना?"

"त्येच बघाय आलोय. उचलला का काय त्ये."

त्यानं काचेच्या कपाटाचं कुलूप काढून तुकडा टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "ह्यो आमच्याच गोट्याचा कशावरनं?"

"आणि तुम्ही त्याच गावचे कशावरून?" तो म्हणाला. मला तो माणूस त्या क्षणापासून जरा बरा वाटायला लागला.

मग त्यानं सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहितो. गोटा दगड नव्हे, लोखंड आहे, आणि त्याच्या मते आभाळातून पडलेलं. कापताना करवत नीट चालायची आणि मधेच अडायची, पात्याचे दातच जायचे. शेवटी छिन्नी लावून घण घातला तेव्हा त्या चकाकत्या कणातून काच तडकावी तसा तुकडा निघाला. तो कण म्हणजे लोखंड आणि कार्बन एक होऊन झालेलं खनिज. लोखंडाचं कार्बाइड. माणूस भट्टीत करतो, पण आपोआप झालेलं फार दुर्मिळ. आभाळातल्या लोखंडात सापडतं, जमिनीत क्वचित एखाद्या ठिकाणी.

कार्बाइड म्हटल्यावर मी सावध झालो. जत्रेत मिठाईवाल्यांच्या गॅसबत्त्या मी भरलेल्या होत्या. कार्बाइडचा खडा, वर पाण्याचा थेंब, की भुसभुसून घाण वास सुटतो. मी टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घेऊन तुकड्यावर टाकलं आणि हुंगलं. काही झालं नाही.

"वास येत न्हाई," मी म्हटलं.

"येणार नाही. बत्तीतलं ते चुन्याचं कार्बाइड. हे लोखंडाचं." तो रुमालानं तुकडा पुसत होता, बाळ पुसावं तसा. "पुन्हा पाणी टाकू नका. गंजतो."

"आभाळातनं पडताना कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"म्हणून तर तपासतोय," तो म्हणाला.

मी अंगठा त्या कणावर ठेवला. अर्धा चिंचोका. कड एका बाजूला जरा आत दबलेली. गावातल्या गोट्यावर मी अंगठ्यानं बघितली होती ती कड याच्या उलटी, बाहेर आलेली. माझ्यापुरतं तिथंच संपलं. पण अंगठा माझा, हवालदाराचा नव्हे.

"ह्यो तुकडा आजच्या दिवस द्या," मी म्हटलं. "सांजच्याला परत आणतो."

"हा मी कुणाच्या हाती देत नाही."

"मग तुमी चला."

तो खरंच निघाला. तुकडा पत्र्याच्या पेटीत, पेटी मांडीवर. गाडीत बसल्यावर मी पेटी उघडून दाखवायला सांगितली. त्यानं दाखवली. गाडी सुटल्यावर त्यानंही एकदा आपल्यापुरती उघडून बघितली. पुढं माझा हात बराच वेळ खिशात राहिला तर त्यानं विचारलं खिशात काय आहे. बिडीबंडल काढून दाखवलं. एवढ्यात आमचं चांगलं जमलं.

दुपार कलताना पोचलो. वस्ताद परातीत शेंदूर आणि तेल कालवत बसला होता. मी म्हटलं, "घटकाभर थांबा." कुणीतरी हवालदाराला बोलावून आणलं. तो आला, गंजीफ्रॉकवरच, मिशीला हात लावत.

प्रोफेसरानं तुकडा काढून गोट्याच्या कापल्या अंगाला लावला. जरा फिरवला, आणि तो बसला. फट दिसेना. दोन अर्धे चिंचोके मिळून एक अख्खा चिंचोका झाला. लोक वाकून बघायला लागले. हवालदार शेवटी वाकला. त्यानं तुकडा काढायला लावला, गोट्यावरच्या अर्ध्यावर अंगठा फिरवला, मग तुकड्यावरच्या अर्ध्यावर, मग परत गोट्यावर.

"करवतीनं कापला असता तर नक्कल जमली असती," तो हळूच म्हणाला. "तुटलेलं जमत न्हाई." मग उभा राहिला. "दगड त्योच हाय. पर वजन त्येच न्हाई. माझ्या बापानं कवचासकट उचलला हुता."

हे बरोबर होतं. मला आत कुठंतरी बरंच वाटलं, कारण गोटा हलका का लागला ते आता कळत होतं. वस्ताद तालमीत जाऊन फडक्यात बांधलेली कवचाची मोट घेऊन आला आणि माझ्यापुढं धरली.

"ही पाठीला बांध आन् उचल. मिटलं."

मी हात पुढं केला नाही. "ही म्या अंगाला लावणार न्हाई."

"का रं?"

"तुमाला म्हाईत हाय का ते."

मागून एक जण म्हणाला, "देवाचं वजन झेपंना म्हणा की."

"देव सोडलाय आमी," मी म्हटलं. "वजन न्हाई सोडलं. ह्येच्या भारोभार जोंधळा आणा. तुकड्याच्या वजनाचाबी घाला. त्यो बांधतो."

कुणी हलेना. वस्तादाच्या हातात मोट तशीच. त्याला ती खाली ठेवता येईना आणि मी घेईना. हवालदारच मग वळला आणि म्हणाला, "माझ्या घरनं जोंधळा आणा. आटपाडीकडचा. आन् वाण्याचा तराजू."

तराजू आला. एका पारड्यात मोट आणि तुकडा, दुसऱ्यात जोंधळा. प्रोफेसरानं तुकडा ठेवला पण हात पारड्याच्या वरच धरून उभा राहिला, पक्षी उडून जाईल असा. काटा सरळ झाला. हवालदारानं दोन्ही पारडी उलटी करून तळाशी चिंच-बिंच चिकटवली आहे का बघितलं. मग मी पारड्यांची अदलाबदल करायला लावली. काटा सरळच. वाण्यानं रागानं सांगितलं की त्याचा तराजू साऱ्या गावाला चालतो.

जोंधळा पोत्यात घालून माझ्या पाठीला बांधला. गाठ हवालदारानं स्वतः मारली आणि दोनदा ओढून बघितली.

"सैल न्हाई न्हवं?" मी विचारलं.

"सैल ठिवून माझा काय फायदा?" तो म्हणाला.

मी खाली बसलो. बोटं घातली. गुडघ्यापर्यंत आला तेव्हाच कळलं की हा वेगळा दिवस आहे. पाठीवरचं पोतं मानेकडं सरकत होतं आणि गोटा पुढं ओढत होता. पोटाला लावला. तिथं तो थांबला, मीही थांबलो. वर घेताना डाव्या मांडीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, ते आजही थंडीत दुखतं. खांद्यावर टेकला. आता तो जड होता, आणि जड लागला म्हणून मला बरं वाटलं. वस्ताद "बास" म्हणेपर्यंत उभा राहिलो. त्यानं जरा उशीरच केला असं मला वाटतं, पण त्यावर मी कधी भांडलो नाही.

गोटा ओट्यावर ठेवला. पोतं सोडून हवालदाराच्या पायाशी ठेवलं आणि म्हटलं, "मोजून घ्या."

त्यानं मोजलं नाही. पोरांकडून घरी नेऊन टाकलं.

फेटा दुसऱ्या दिवशी द्यायचा असतो. वस्तादानं तो आत्ताच आणला. उद्या शेंदूर चढलेल्या देवापुढं मी फेटा घेणार नाही, हे त्याला न सांगता कळलं होतं. त्यानं नुसता फेटा बांधला, कपाळाला काही लावलं नाही. त्याची बोटं शेंदरानं लाल होती, म्हणून आधी धोतराला पुसून घेतली. हे मी विसरलो नाही.

मग तो परात घेऊन गोट्याकडं वळला. मी म्हटलं, "त्यो कण हाय तेवढी जागा उघडी ठिवा."

"देवाला उघडं ठिवायचं व्हय?"

"झाकला तर परत कसं कळायचं, त्योच हाय का ते?"

वस्ताद काही बोलणार तोच हवालदार म्हणाला, "ठिवा हो. उद्या परत ह्यो कालिजात गेला तर बघाय नगं?" प्रोफेसर घाईनं म्हणाला की आता नेणार नाही. आम्हा दोघांपैकी कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. जागा उघडी राहिली, अंगठ्याएवढी.

पुढच्या साली जयंतीच्या यात्रेला हवालदार रजा काढून आला. गोट्याला हात घालायच्या आधी त्यानं त्या कणावर अंगठा टेकून बघितलं. कड तपासली. मग लहानपणापासूनच्या सवयीनं त्याचा हात आपोआप कपाळाकडं गेला. त्याच्या मागं रांगेत पोरं होती. त्यांनी बघितलं आणि तेच केलं. तिथून ही रीत पडली. हवालदारानं गोटा त्या साली पोटापर्यंत आणला. पुढं एका साली खांद्यावरही घेतला, फेटा त्याच्याकडं गेला. मी बघायला होतो. उचलण्यात काही खोट नव्हती.

सांगलीत हमाली होती तोवर मी वर्षातून एकदा कॉलेजात जाऊन कपाटातला तुकडा बघायचो. दोन-तीन वर्षांत त्याचा कण पितळी पडायला लागला. मला वाटलं बदलला. प्रोफेसर म्हणाला हवेनं तसं होतं, घासला की परत पांढरा होईल, आणि घासून दाखवला. गावातला कण अंगठे लागून-लागून पांढराच राहिला आहे. पुढं प्रोफेसराची बदली झाली, कपाट हललं. तो तुकडा आता कुठं आहे मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असेल ते खरं सांगतील याची खात्री नाही.

त्या दिवसानंतर मी गोट्याला कधी हात घातला नाही, शेंदूर आहे. पण दरसाल यात्रेला जातो. गर्दी कमी झाली की पुढं होऊन त्या उघड्या जागी अंगठा ठेवतो. अर्धा चिंचोका, एका बाजूची कड बाहेर. बघणाऱ्यांना वाटतं म्हातारा शेवटी देवाच्या पाया पडायला लागला. परवा देवाचा डोळा म्हणणाऱ्या त्या पोरालाही तसंच वाटलं.

मी पाया पडत नाही. माझा हात कपाळाला जात नाही, नीट बघा. मी तपासतो.